घरच्या पत्रांना वेगळा पत्ता

८ जानेवारी
(कागदावर, दुकानातून)

बाईसाहेब,

कागदी पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. आईचे गुडघे होते तसेच आहेत, म्हणजे दुखतात, पण शेजारी गप्पा मारायला जायचं म्हटलं की बरे होतात. ठिणगीचे पुढचे दोन दात पडले. तुझी लेक आता 'स' म्हणाली की समोरच्याला तोंड पुसावं लागतं.

कागदावर लिहितोय, कारण मेलवर लिहून उपयोग होत नाही. ऑक्टोबरपासून तुला तीन मेल लिहिले, एकाचंही उत्तर नाही. चौथा लिहायला घेतला आणि पुसून टाकला. दुकानात मी दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत 'आता दिसतंय का, आता?' असं विचारत असतो. लोक निदान हो की नाही ते तरी सांगतात.

आता मुद्द्याचं. परवा रविवारी फोन नेहमीसारखा जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता. आई, ठिणगी, मी, आणि साखर मागायला आलेली वरच्या मजल्यावरची मावशी. त्या सगळ्यांसमोर तू सांगितलंस की आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली. आई म्हणाली, शाब्बास. मावशी म्हणाली, पोरीनं नशीब काढलं. मी म्हणालो, छान झालं.

छान झालं नाही. आपलं ठरलं होतं दोन वर्षं, मग परत. ते दोघांनी मिळून ठरवलं होतं, दुकानाच्या बाकावर बसून, शटर अर्धं ओढून घेऊन. पुढच्या दोन वर्षांचं तू एकटीनं ठरवलंस, आणि मला ते साखरेच्या वाटीबरोबर कळलं.

हे फोनवर का बोलला नाहीस, असं विचारशील. मला फोनवर बोलता येत नाही हे तुला लग्नाआधीपासून माहीत आहे. तेव्हाही तू फोनवर 'बोल ना' म्हणायचीस आणि मी हवापाण्याचं सांगायचो. जे सांगायचं ते सगळं पत्रातच सांगितलं, आणि त्या पत्रांवरच तू हो म्हणालीस. आता तर फोनवर आपल्याबरोबर आख्खी पंगत असते.

रागावलो नाही असं लिहिणार होतो. रागावलोय. पण राग आठवड्याभरात उतरेल, माझा कधी टिकला आहे. तुझी आठवण मात्र उतरत नाही. मी अजून पलंगावर भिंतीच्या बाजूलाच झोपतो, कारण तुला पहाटे उठायचं असतं. उठायला कुणी नाही हे कळतं, तरी सरकवत नाही.

एवढंच विचारायचं होतं की मला एकदा विचारावंसं का वाटलं नाही.

चष्मेवाला


२७ जानेवारी
(कागदावर)

चष्मेवाले,

तुझं पत्र साहेबांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवलं. आमच्याकडे कागदी पत्र आलं की लोकांना वाटतं कोर्टाची नोटीस आली. मी ते सर्व्हरच्या खोलीत नेऊन वाचलं. तिथे पंख्यांचा इतका आवाज असतो की कुणी रडलं तरी बाहेर कळत नाही. मी रडले नाही. तिथे थंडी असते, म्हणून नाक वाहत होतं.

अरे, मी विचारलं होतं.

नोव्हेंबरात तुला एक लांबलचक मेल लिहिला. साहेबांनी करार पुढे केला त्याच दिवशी. लिहिलं होतं की थांबू की येऊ ते तू सांग, तू नको म्हणालास तर सही करणार नाही. मग मी वाट पाहत बसले. प्रत्येक रविवारी वाटायचं की आज तू पाण्याच्या जगला टेकवलेला फोन उचलून आतल्या खोलीत नेशील आणि बोलशील. तू गीझर बिघडल्याचं सांगितलंस. पुढच्या रविवारी गीझर दुरुस्त झाल्याचं सांगितलंस. मला वाटलं, तू माझं म्हणणं कानाआड केलंस. नको म्हणायचं नाही आणि थांब म्हणायची लाज वाटते, म्हणून गीझर. साहेबांनी डिसेंबर संपेपर्यंत मुदत दिली होती. शेवटच्या दिवशी सही केली आणि घरी येऊन न जेवता झोपले.

तुझ्या तिन्ही मेलना मी उत्तरं दिली होती. दुसऱ्याला तर दोन पानी. ती मिळाली नाहीत म्हणतोस, तर एक काम कर. तुझ्या मेलमध्ये डावीकडे, अगदी खाली, नकोशा पत्रांचा एक कप्पा असतो. त्याला स्पॅम म्हणतात. तू तो आजवर उघडला नसशील. उघड.

मला जी शंका येते आहे ती खरी निघाली तर मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेईन. लोकांची पत्रं त्या कप्प्यात पडू न देणं, माझं सगळं पोट याच कामावर चालतं.

नवा करार एप्रिलच्या एक तारखेला सुरू होतो. त्याआधी मोडता येतो, पण मग या कंपनीत पुन्हा पाय ठेवता येणार नाही. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. दुसरं काही सुचवत नाही.

तुझी


१२ फेब्रुवारी
(मेल)

बाईसाहेब,

कप्पा उघडला. केस परत उगवणारं तेल, मला लागलेली परदेशी लॉटरी, बुटांचा सेल, आणि मधोमध तू. तुझी चार पत्रं. सगळी जानेवारीतली. त्याच्या मागचं काही नाही. वरती बारीक अक्षरात लिहिलं आहे की या कप्प्यातली पत्रं महिन्याभरानं आपोआप नष्ट होतात. चष्मा पुसून तीनदा वाचलं.

म्हणजे नोव्हेंबरचं पत्र गेलं. माझ्या घरात आलं, महिनाभर राहिलं आणि गेलं. मी त्या वेळी गीझरवाल्याची वाट बघत होतो.

जी चार सापडली ती दुकान अर्धा तास बंद ठेवून वाचली. एकात तू लिहिलं आहेस, 'तुला वेळ नसेल तर उत्तर राहू दे, ठिणगीच्या वहीतलं एखादं चित्र तरी पाठव.' ते वाचून माझी काय अवस्था झाली ते लिहीत नाही. बाहेर एक गिऱ्हाईक काचेवर टकटक करत होतं, त्याला हाताने 'नंतर या' म्हणून सांगितलं.

पण मला एक सांग. बँकांची, दवाखान्यांची, निम्म्या जगाची पत्रं तू पोचवतेस आणि नवऱ्याला लिहिलेलं केसांच्या तेलाशेजारी पडतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?

नोव्हेंबरचं पत्र परत पाठव. तुझ्याकडे प्रत असेलच.

चष्मेवाला


१३ फेब्रुवारी
(मेल)

चष्मेवाले,

हे त्या कप्प्यातच येईल, तिथेच बघ.

अंधार कसा पडला ते सांगते. आमच्या सर्व्हरला नेटवरचे बरेच पत्ते आहेत, नुसते आकडे. त्यांना आयपी म्हणतात. पत्र यातल्या कुठल्या पत्त्यावरून निघालं ते घेणाऱ्याच्या मेल कंपनीला दिसतं, आणि प्रत्येक पत्त्याची वागणूक ती लक्षात ठेवते. इथून आलेली पत्रं लोक वाचतात की न उघडता फेकतात. मी इथे आले तेव्हा सगळं एकाच पत्त्यावरून जायचं. बुटांचे सेल आणि रक्ताचे रिपोर्ट एकाच वाटेनं. लोक सेलला वैतागले की रिपोर्टही स्पॅममध्ये. सुक्याबरोबर ओलं जळत होतं. एका बाईंचा रिपोर्ट असा तीन आठवडे पडून राहिला होता, आणि तेवढ्यासाठीच मला बोलावून घेतलं.

मी वाटा वेगळ्या केल्या. कोणाकडून आलेलं पत्र कुठल्या पत्त्यावरून बाहेर पडायचं हे सर्व्हरला एकेका ओळीत लिहून द्यावं लागतं. दवाखाने आणि प्रयोगशाळा सगळ्यांत स्वच्छ पत्त्यावरून. बिलं दुसऱ्यावरून. सेल, सवलती आणि तुझ्या केसांचं तेल तिसऱ्यावरून.

ऑक्टोबरात हे केलं तेव्हा आपल्या घराच्या नावाची एक ओळ लिहायची उरली होती. घरच्यांना लिहायचा माझा मेल मी साहेबांच्या परवानगीनं याच सर्व्हरवर ठेवलेला आहे, तुला माहीत आहे. बोट की-बोर्डवर होतं. स्वच्छ पत्ता आजारी माणसांसाठी, त्यावर माझ्या खासगी गप्पा कशाला, असं मनात आलं. कंपनीच्या चांगल्या वस्तूला घरासाठी हात लावायचा नाही, ही माझी खोड. म्हणून आपली ओळ मी तिसऱ्या पत्त्याला जोडली आणि विसरले. आमच्या नोंदीत रोज दिसायचं की तुझ्या मेल कंपनीनं पत्र स्वीकारलं. स्वीकारून कुठे टाकलं ते इथून दिसत नाही.

आता ऐक. साहेबांना सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग हसायचे थांबले. एक कोरा पत्ता शिल्लक आहे, तो पुढे एका शाळेला द्यायचा आहे. तोवर घरची पत्रं त्यावरून जाऊ देत म्हणाले. पण कोऱ्या पत्त्याला कुणी ओळखत नाही. पहिल्याच दिवशी त्यावरून ढीगभर पत्रं सोडली तर मोठ्या कंपन्या संशय घेतात. रोज थोडीथोडी पाठवायची, आणि ज्यांना पाठवू त्यांनी ती उघडावीत, उत्तर द्यावं. असं काही आठवडे चाललं की पत्त्याचं नाव होतं. म्हणजे मला रोज उत्तर देणारी माणसं हवीत. तू, आई, तुझी बहीण, दुकानाशेजारचा शिंपी, जो कोणी तयार होईल तो. काहीही लिहा, पण लिहा.

नोव्हेंबरचं पत्र पाठवणार नाही. सही होऊन गेली. आता वाचून तुझ्या जिवाला घोर, आणि घोर लावून घेतलास की तू जेवत नाहीस.

तुझी


१५ फेब्रुवारी
(मेल)

बाईसाहेब,

हरिश्चंद्राच्या खानदानातली बायको केली हे मला ठाऊक होतं. ऑफिसचं पेन चुकून घरी आलं तर दुसऱ्या दिवशी परत नेणारी तू. पण नवऱ्याला लिहायचं पत्रसुद्धा रद्दीच्या वाटेनं पाठवशील असं वाटलं नव्हतं. यावर मी रागवायला हवं. बराच वेळ प्रयत्न केला, सारखं हसूच येत राहिलं, आणि मग हसूही आलं नाही.

माणसं जमवली. ताई तयार आहे. शिंपी म्हणतो, वहिनींना उत्तर द्यायचं म्हणजे काय लिहायचं. मी म्हटलं, कपड्याचं लिही. आईला काल तासभर शिकवलं. ती म्हणते, सुनेला पत्र लिहायला मला सर्व्हर कशाला लागतो, मी सरळ लिहीन. असू दे.

नोव्हेंबरच्या पत्राबद्दल मी भांडणार नाही. पण मी जेवतो की नाही हे तिथून ठरवू नकोस.

चष्मेवाला


१९ फेब्रुवारी
(मेल)

हे नव्या पत्त्यावरून. काल पाठवलेलं परत आलं, कारण आपल्या नावानं पत्रं पाठवायला कुठकुठले पत्ते मुखत्यार आहेत याची नेटवर एक जाहीर नोंद असते, आणि मी त्यात नवा पत्ता घालायलाच विसरले. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर त्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत सुनावलं असतं. हे कुठल्या कप्प्यात आलं ते कळव.


१९ फेब्रुवारी
(मेल)

वरच्या. आपल्या माणसांच्या. बँकेच्या पत्राच्या डोक्यावर.


२४ फेब्रुवारी
(मेल)

चष्मेवाले,

ताईंचं उत्तर आलं, शिंप्याचंही. तो लिहितो, 'वहिनी नमस्कार, पांढरा धागा संपला.' आईंचं रोज येतं आणि रोज एकच शब्द असतो, 'मिळाले.' परवा मी त्यांना विचारलं की गुडघ्यांवर नवीन औषध चालू केलं का. उत्तर, 'मिळाले.' सर्व्हरला एवढं पुरतं, मला पुरत नाही. तू थोडं मोठं लिही.


२५ फेब्रुवारी
(मेल)

बाईसाहेब,

मोठं लिहितो. आज एक आजोबा आले. म्हणाले, दूरचं नीट दिसत नाही, पण तशी काही तक्रार नाही. तपासलं तर नंबर भलताच. काचा चढवून त्यांना दारात उभं केलं. रस्त्यापलीकडच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. आजोबा बघतच राहिले. म्हणाले, कपड्यांना चिमटे लावतात ते इथून दिसतात होय, मला वाटायचं जवळ गेल्यावरच दिसतात. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की सगळ्यांना असंच धुरकट दिसतं. मग पैसे द्यायचे सोडून अर्धा तास दारातच उभे होते. मीही उठवलं नाही.

असं काही घडलं की पूर्वी मी शटर ओढून थेट घरी यायचो तुला सांगायला. आता घरी येईपर्यंत ते माझ्यापाशीच राहतं आणि जेवताना शिळं होतं. आईला सांगितलं तर ती विचारते, पैसे दिले का शेवटी.

दिले.


२६ फेब्रुवारी
(मेल)

इथे माझ्या खोलीत एक टेबल आणि एकच खुर्ची आहे. घरमालकिणीला म्हटलं, दुसरी खुर्ची मिळेल का. ती म्हणाली, पाहुणे येणार आहेत का. मी नाही म्हटलं. मग कशाला हवी, म्हणाली. आज आजोबांची गोष्ट वाचताना मोठ्यानं हसले आणि समोर बघितलं. समोर भिंत आहे.

तुझा तो सकाळचा खोकला मला लग्न झाल्यापासून नकोसा होता. आता रोज सकाळी जाग येते ती खोकला ऐकू आला नाही म्हणून.

उद्याही लिही. सर्व्हरसाठी.


२७ फेब्रुवारी
(मेल)

सर्व्हरसाठी सांगतो की ठिणगीनं शाळेत 'माझी आई' या विषयावर लिहिलं, 'माझी आई फोनमध्ये असते.' बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली आहे. तुला सांगू की नको असं दिवसभर चाललं होतं. तू म्हणालीस मोठं लिही, म्हणून लिहिलं.


१४ मार्च
(मेल)

चष्मेवाले,

पत्त्याचं नाव झालं. तीन आठवड्यांत एकही पत्र मागे आलं नाही, एकही स्पॅममध्ये गेलं नाही. साहेब खूश आहेत. सोमवारपासून शाळेची पत्रं हळूहळू यावरून सोडू, आणि घरची ओळ आता कायम इथेच राहील. मी तसं मागितलं. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसकडून काहीतरी मागितलं.

सगळ्यांना माझे आभार सांग. शिंप्याला खास. आता रोज उत्तर द्यायची गरज नाही. तुझाही दुकानातला वेळ जात असेल.

तुझी


२२ मार्च
(मेल)

चष्मेवाले,

आठवडा झाला, तुझं पत्र नाही. रविवारी फोनवर तू ठिणगीच्या बुटांबद्दल बोललास. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि तू पाण्याच्या जगकडे.

पहिले दोन दिवस मी सर्व्हर तपासला. नोंदी वाचल्या, मुखत्यारीची यादी वाचली, स्वतःलाच आणि ताईंना मेल पाठवून बघितले. सगळं सुरळीत आहे. माझं चौदा तारखेचं पत्र तुझ्या वरच्या कप्प्यात पोचलेलं असणार आणि तू ते वाचलेलं असणार. मग लक्षात आलं की मी बिघाड शोधत नव्हते, बिघाड असावा म्हणून प्रार्थना करत होते. नोव्हेंबरात यंत्रानं दगा दिला असं म्हणता आलं. आता यंत्र चांगलं आहे. आता तू गप्प आहेस तो तूच आहेस.

'गरज नाही' असं मी लिहिलं. ते लिहिताना मला वाटत होतं, तू उलट लिहिशील की गेली उडत गरज.

एक तारखेला थोडेच दिवस उरले आहेत. म्हणून जे पाठवणार नव्हते ते खाली जोडते. नोव्हेंबरचं पत्र, काना-मात्रा न बदलता. त्यात रागाचं काही नाही, तेव्हा राग नव्हता.

'साहेबांनी आज आणखी दोन वर्षांचं विचारलं. मोठ्या हुद्द्यावर. मी विचार करून सांगते म्हटलं. काम मला आवडतं हे तुला माहीत आहे, इथे माझ्यावाचून अडतं, आणि कुणाचं आपल्यावाचून अडावं ही चव मला लागली आहे. घरी परतले तर असं काम मिळेल की नाही कोण जाणे. हे सगळं एका पारड्यात टाकून पाहिलं. दुसऱ्या पारड्यात काय टाकायचं तेच मला कळत नाही, कारण तू कधी काही बोलत नाहीस. ठिणगी आई हवी म्हणते, आई म्हणतात तुझं तू बघ. तू काय म्हणतोस? मला समजूतदारपणा नको आहे. तू नको म्हणालास तर मी सही करणार नाही आणि पुढे कधी तुला बोल लावणार नाही. तू थांब म्हणालास तर थांबेन. पण सांग. तुला मी तिथे हवी आहे का, एवढंच मला ऐकायचं आहे.'

हे ते.


२३ मार्च
(मेल)

प्रिय,

दुकान बंद ठेवून लिहितोय. पाटीवर 'आज बंद' लिहिलं. कारण लिहिलं नाही.

तुझं पत्र वाचलं, आणि गेला दीड महिना ज्याला मी दोष देत होतो तो खोटा ठरला. मनाशी म्हणायचो, ते पत्र पोचलं असतं तर आज तू घरी असतीस. तो आयपी, तो स्पॅम, तुझा तो फाजील प्रामाणिकपणा, या सगळ्यांना मी शिव्या दिल्या. आज पत्र हातात आहे तर खरं सांगतो. ते नोव्हेंबरात पोचलं असतं तर मी उत्तर लिहिलं असतं, 'अवश्य सही कर. इकडची काळजी करू नकोस.' शब्द न् शब्द डोळ्यांसमोर आहे माझ्या. वर आईच्या हातानं आशीर्वाद लिहून घेतला असता. दुकानात चार लोकांना अभिमानानं सांगितलं असतं. आणि तू ते वाचून न जेवता झोपली असतीस.

म्हणून आठवडाभर गप्प होतो. 'गरज नाही' हे टोचलं हेही खरं. पण लिहायला बसलो की हातून 'तुझी सोय बघ' असंच उमटायचं, आणि मला ते लिहायचं नव्हतं. मला वाटत आलं की बायकोला अडवणारा नवरा म्हणजे कोत्या मनाचा. माझ्या वडिलांनी आईला तिची नोकरी सोडायला लावली होती आणि आई ते अजून भांडी घासताना बोलते. तसं व्हायचं नाही असं मी ठरवलं होतं. इतकं ठरवलं की तोंडच शिवून घेतलं. तू सांग म्हणालीस आणि मी गीझरचं बोललो. पत्र मिळालेलं नव्हतं हे खरं, पण मिळालं असतं तरी मी गीझरचंच बोललो असतो.

आता विचारतेस तर ऐक. आईचे गुडघे, ठिणगीचा निबंध, यातलं काही पुढे करत नाही. त्या दोघी तुझ्यावाचून वाढतील, म्हाताऱ्या होतील, लोकांचं होतंच की. माझं होत नाही. मला तू इथे हवी आहेस. तुझा हुद्दा गेला, ते काम परत मिळालं नाही, दुकानावर तुझं मन रमलं नाही आणि तू माझ्यावर चिडचिड केलीस, तरी इथे हवी आहेस. हे स्वार्थी आहे हे कळतं. कळून लिहितोय.

सही मोड. नको थांबू. ये.


२६ मार्च
(मेल)

अहो चष्मेवाले,

लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर आज तुला अहो म्हटलं. सवय करून घेऊ नकोस.

पत्र सकाळी ऑफिसात वाचलं. सर्व्हरच्या खोलीत गेले नाही. टेबलावर बसून सगळ्यांसमोर रडले. शेजारच्या मुलीनं पाणी आणून दिलं आणि विचारलं, घरी काही वाईट झालं का. मी नाही म्हटलं, तर तिनं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं.

माझी चूक होती तेवढी चूक मी मानते. पण तू जे लिहिलंस त्यानं माझी झोप परत आली. मला वाटत होतं एका चुकीच्या ओळीनं आपलं वाटोळं केलं. ती ओळ मी दुरुस्त केली तरी आपण तिथेच होतो. दुरुस्ती तू केलीस, तीही जिवावर येत असताना, हे मी विसरणार नाही.

मग साहेबांकडे गेले. सही मोडायची आहे म्हटलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. म्हणाले, एवढं जमवून दिलंत आणि आता सोडून चाललात, पुन्हा इथे घेता येणार नाही, माहीत आहे ना. माहीत आहे म्हटलं. मेअखेरपर्यंत थांबून मी सगळं दुसऱ्याच्या हाती नीट सोपवावं असं ठरलं. ते म्हणाले, वरच्या लोकांना कारण द्यावं लागेल. मुलगी लहान आहे, असं लिहू का? मी नको म्हटलं. सासूबाईंची तब्येत? त्यालाही नको म्हटलं. मग काय लिहू, विचारलं.

म्हटलं, लिहा, नवऱ्यानं बोलावलं.

ते म्हणाले, बाई, हे कारण लोकांना पटेल का?

मी म्हटलं, साहेब, मी दोन वर्षं याच एका कारणाची वाट बघत होते.

तुझी